घरटी एक सही

"पाटीलबाई, भावाला मारायचा हाय. कितपत मारला तर जामीन हुतो?"

असं विचारायला एक जण खरंच माझ्या ओसरीवर येऊन बसला होता. बांधावरनं भांडण झालेलं, डोळे लाल. मी त्याला चहा दिला. आधी चहा, मग कायदा, ही माझी पद्धत. मग सांगितलं, "थापट मारलीस तर अदखलपात्र. म्हंजे पोलीस लिहून घेतील, पण कोर्टाच्या हुकमाबिगर तपास करायचे न्हाईत. कोयता घेतलास की दखलपात्र, गाडी सरळ दारात. हाड मोडलंस तर सात वर्षांपर्यंत." त्यानं बशीतला चहा फुंकत हिशोब केला आणि म्हणाला, "मंग थापटच बरी." मी म्हटलं, "बरी हाय की. पर भाऊ तुज्यापेक्षा दांडगा हाय. त्यो थापटीवर थांबंल का?" गडी हसला. हसला की निम्मा गुन्हा टळतो, हे मला तेव्हा कळलेलं होतं.

मी गावची पोलीस पाटील होते. आता वयाची साठ झाली, शिक्का परत केला. शहरातल्या माणसांना पोलीस पाटील म्हणजे वाड्यावर बसलेला मिशीवाला वाटतो, म्हणून सांगते. हे सरकारी पद आहे, पण नोकरी म्हणावी तर नोकरी नाही. प्रांतसाहेब नेमतात, परीक्षा घेऊन. मानधन मिळतं. गावात कुणी मेलं, कुणी मारलं, कुणी परका येऊन राहिला, कुठं काही शिजतंय असा वास आला, की ठाण्याला कळवायचं. पंचनाम्याला उभं राहायचं. हातात काठी नाही, अंगात खाकी नाही. फक्त एक शिक्का, आणि लोकांना वाटतं की हिला कायदा येतो.

मला कुठला यायला? लग्न झालं तेव्हा माझी सातवी झालेली. दहावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली, लेक बालवाडीत असताना. कायदा शिकले तो पौडच्या कोर्टात बसून. महिन्याच्या बैठकीला पौडला जायचं, बैठक संपली की एसटीला वेळ असायचा, तेवढा वेळ कोर्टात मागच्या बाकावर. काय बोलतात ते पहिलं वर्षभर कळलंच नाही. मग एक शब्द कळला: पर्यंत. "तीन वर्षांपर्यंत शिक्षा, किंवा दंड, किंवा दोन्ही." गावात येताना त्यातलं 'पर्यंत' आणि 'किंवा' वाटेतच गळून पडतं, आणि घरी बातमी पोचते ती "तीन वर्षं गेला आत" अशी. माझं निम्मं काम म्हणजे हे गळलेले शब्द परत नेऊन द्यायचं. आणि दोन वर्षांमागं सगळे आकडेच बदलले. तोवर आमच्याकडं शेंबडं पोरही दुसऱ्याला "चारशेवीस" म्हणायचं. आता त्याला तीनशे अठरा म्हणायचं, पण शिवी म्हणून ते तोंडात बसत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. काही कायदे सगळ्या देशाचे असतात आणि काही आपल्या महाराष्ट्राचे, इथल्या विधानसभेनं केलेले. दारूबंदीचा, झाडं तोडण्याचा, जादूटोण्याचा. आणि एक वाळीत टाकण्याचा. या शेवटच्याबद्दल मला लिहायचं आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. मालेच्या पुढं, रस्ता सोडून आत, एवढंच समजा. नाव लिहिलं तर यंदा माझ्याकडं फराळाला कुणी यायचं नाही.

आमच्याकडं गावकीची एक वही असते. जत्रेला कुणी काय करायचं, पाण्याची पाळी, देवळाचा पत्रा, सगळे ठराव त्यात. ठराव झाला की खाली सह्या, घरटी एक. देवळात ठेवलेली जुनी वही उंदरांनी खाल्ली, म्हणून नवी वही माझ्या घरी, लोखंडी कपाटात असायची. गावकीचं पुढारपण माझ्या चुलत दिराकडं, दत्तूभाऊजींकडं. अक्षर मोत्यासारखं, म्हणून ठरावही तेच लिहायचे; सभेपुरती वही न्यायचे आणि परत कपाटात आणून ठेवायचे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या मालकांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला, तेव्हा दोन पावसाळे आमची भातलावणी त्यांनी केली, न सांगता.

तर त्या साली शालननं जमीन विकली. शालन म्हणजे आमच्या पलीकडच्या आळीतली, नवरा गेलेला, घरात ती आणि तिचे म्हातारे सासरे, तात्या. तात्यांच्या दवाखान्यापायी तिनं ओढ्याकडेची पट्टी पुण्याच्या एका साहेबांना विकली. साहेबांनी पहिल्या आठवड्यात तारेचं कुंपण मारलं. आणि गावाची गुरं ज्या वाटेनं ओढ्यावर पाण्याला जायची, ती वाट कुंपणाच्या आत गेली. गाव पेटलं. पेटणारच, गुरांना अर्ध्या कोसाचा वळसा पडला. शालननं कुणाला विचारलं नव्हतं. तिची चूक होती, हे मीही म्हणते.

ठराव झाला त्या दिवशी मी गावात नव्हते. पौडला पोलीस पाटलांची बैठक होती. आणि नशीब बघा, त्याच बैठकीत साहेबांनी आम्हाला सामाजिक बहिष्काराचा कायदा समजावून सांगितला. कुणाचं पाणी, दळण, येणं-जाणं, देवळात जाणं, मर्तिकाला जाणं गावानं ठरवून तोडलं तर तो गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठरवणारा गुन्हेगार आणि त्याला साथ देणाराही. दखलपात्र, पण जामीनपात्र. मी ते छापील पत्रक घडी करून पिशवीत टाकलं, वर अर्धा किलो पेढे टाकले आणि एसटीनं घरी आले.

पेढे अशासाठी, की आमची वैशाली पोलीस भरतीत निवडली गेली होती. मैदान झालं, लेखी झालं, यादीत नाव आलं. आता फक्त वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी राहिली होती. पहाटे उठून घाटातल्या रस्त्यावर तीन वर्षं पळत होती पोर. लोक म्हणायचे, "पाटीलबाईची वैशी कुणाच्या मागं पळतीया?" आता तेच लोक पेढे मागत होते.

तीन दिवसांनी शालन दारात आली. डोक्यावर दळणाचा डबा. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी.

"वैनी, गिरणवाला म्हनतोय लाईट न्हाई."

"मंग नसंल."

"माज्यापुढं पंखा फिरत हुता त्याचा."

मी तिचा डबा उतरवून घेतला, आणि ती गेल्यावर कपाट उघडलं. वहीत ताज्या शाईनं, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: सदर घराशी कुणी येणं-जाणं ठेवू नये. दळण, पाणी, आवतण, मयत, सर्व बंद. पालखी त्यांच्या दारात थांबणार नाही. सर्वांस मान्य. खाली सव्वीस सह्या. मी एकेक नाव बोटानं वाचत गेले. एकोणिसावी सही वैशालीची होती. पूर्ण नावानं, भरतीच्या फॉर्मावर करायची तशी, खाली रेघ ओढून.

मी तिला चुलीपुढनं बोलावून घेतलं.

"हे काय हाय?"

"गावकीची सही. काका आले हुते वही घिऊन. मी भाकरी थापत हुते. बाबांचा हात चालत न्हाई, तू पौडला. काका म्हनले, घरटी एक लागती, कर." तिनं माझ्याकडं बघितलं आणि वही ओढून घेतली. वाचली. परत पहिल्यापासून वाचली. "आई, मी पत्र्याचा ठराव समजले."

अशी चूक आमच्यातच होऊ शकते. बाहेरचा माणूस कुणाला वाळीत टाकतो तर कानोकानी टाकतो. आम्ही वाळीत टाकतो तेही शिस्तीत, तारीख घालून, सह्या घेऊन, आणि ठराव नेऊन ठेवतो तो पोलीस पाटलाच्याच कपाटात. दत्तूभाऊजींना गुन्ह्याचा पुरावा तयार करतोय असं वाटलंच नाही. आजोबांपासून असंच चाललेलं.

माझं काम काय होतं? त्याच तासाला ठाण्याला फोन. पत्रक पिशवीत होतं, वही हातात होती. मी फोन केला नाही.

मी स्वतःला सांगितलं, समजुतीनं मिटवू. गावचं गावात. दत्तूभाऊजींकडं गेले, म्हटलं ठराव मागं घ्या. ते म्हणाले, "जत्रंनंतर बघू वैनी, मानसं लई तापल्याती." परत गेले. म्हणाले, "तिला म्हनावं वाट मोकळी करून दे, मंग बघू." शालन बिचारी कुंपणवाल्या साहेबांच्या पाया पडत होती, ते फोन उचलत नव्हते. मी मालेला जाऊन तिचं दळण आणायची आणि वाटायचं मी काहीतरी करतेय. आठ दिवस असे काढले. या आठ दिवसांत गावासाठी किती थांबले आणि वैशीसाठी किती, हे मला विचारू नका. मला माहीत आहे.

नवव्या दिवशी सकाळी तात्या गेले.

आमच्याकडं मयत झालं की सांगावं लागत नाही. रडण्याचा आवाज आला की प्रत्येक घरातनं एक लाकूड निघतं. श्रीमंत असो, गरीब असो, घरटी एक. पुरुष खांद्यावर टाकून नेतात आणि मयताच्या अंगणात न बोलता ठेवतात. मोजत कुणी नाही, पण सरण भरतं. कुणाशी कितीही भांडण असो, ते लाकूड चुकत नाही. मी या गावात आल्यापासून चुकलेलं पाहिलं नव्हतं.

शालनच्या अंगणात त्या दिवशी एकही लाकूड आलं नाही. ऊन चढलं. तात्यांना अंघोळ घालायला शालन आणि तिची माहेरची बहीण, दोघीच. सगळ्या आळीची दारं उघडी, आत माणसं, पण उंबरा कुणी ओलांडेना. दहा वाजता ती माझ्याकडं आली. रडत नव्हती.

"वैनी, म्हातारं तसंच ठेवू का?"

मी आमच्या गोठ्यामागचं लाकूड उचललं. मला एकटीला उचलेना, म्हणून वैशालीनं दुसरं टोक धरलं. भर उन्हात आम्ही मायलेकी ते घेऊन आळीतनं गेलो.  लाकूड अंगणात टाकलं त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला असणार. तिथनं मी तशीच घरी जाऊन पत्रक आणि वही घेतली आणि देवळात गेले. गावकी पारावर बसलेली होती, पंधरा-वीस जण. वैशाली माझ्या मागं.

मी पत्रक वाचून दाखवलं. तीन वर्षांपर्यंत म्हटल्यावर पारावर जरा हालचाल झाली. मागनं एकजण म्हणाला, "तीन वर्सं सव्वीस जनांत वाटली तर मानशी सव्वा-दीड म्हयना. बसून यिऊ की. तितं जेवान बी मिळतंय." सगळे हसले.

"वाटून न्हाई मिळत," मी म्हटलं. "परत्येकाला येगळी. आन दंड बी परत्येकाला येगळा."

हसू थांबलं.

"अवो पर आमी मारलं का कुनाला?" दुसरा म्हणाला. "बोलायचं न्हाई म्हनलं, त्येचा कसला गुन्हा? उद्या बायकू माझ्याशी बोलली न्हाई तर तिलाबी आत टाकनार का?"

"बायकू एकटी रुसती. ती सव्वीस जनांच्या सह्या घिऊन रुसली तर मी तिलाबी कागद लावीन."

दत्तूभाऊजी उठले. मला जरा बाजूला, पिंपळामागं बोलावलं. आवाज एकदम मऊ.

"वैनी, वही तुमच्यापाशी हाय. एक पान फाडा. उंदरानं खाल्लं म्हना. आत्ता मी पोरांना लाकडं घिऊन पाठवतो, खांदा बी देतो. समदं मिटतंय."

मी वही त्या पानावर उघडली.

"आवो एकोनीस नंबर बगा की! माजी पोरगी असती तर मी कवाच फाडलं असतं."

खोटं कशाला लिहू, माझा अंगठा त्या पानावर होता. पान सुटं होतं, शिवण ढिली. ओढायचीसुद्धा गरज नव्हती. लाकडं येणार होती, म्हातारा जाणार होता, माझी पोर वर्दी घालणार होती. कुणाचं काय बिघडत होतं? मी शालनच्या घराकडं बघितलं. पिंपळामागनं तिच्या अंगणातलं आमचं ते एकच लाकूड दिसत होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "पुरावा फाडला तर त्यो दुसरा गुन्हा. आन लाकडं तुमी पान फाटल्यावर पाठवनार. फाटलं न्हाई तर?"

 तिथंच, त्यांच्यासमोर मी ठाण्याला फोन लावला. वैशाली पाराच्या कडेला उभी राहून माझ्याकडं बघत होती. फोनवर पलीकडं कुणीतरी "बोला पाटीलबाई" म्हणालं, आणि मी तिच्याकडं पाठ केली. तिच्याकडं बघत मला बोलता आलं नसतं.

गाडी पोचायला तास-सव्वा तास लागला. त्या तासाभरात मागच्या दारांनी बायका निघाल्या. एकीनं चुलीतलं फाटं आणलं, एकीनं मोडकी खाट. पुरुषांना ठराव होता, त्या म्हणाल्या, आमची कुटं सही हाय? अंगण भरलं नाही, पण सरण झालं. ठाण्याच्या साहेबांसमोर चौघांनी खांदा दिला, त्यात दत्तूभाऊजी होते. मान खाली होती.

वहीचा पंचनामा आमच्या ओसरीवर झाला. साहेब नावं वाचत आले आणि थांबले. "एकोणीस. ही बाई कोण? बाकी सगळे पुरुष आहेत."

"माझी मुलगी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना पेढे मीच दिलेले होते. "पाटीलबाई, नातं लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला. मालकांच्या डाव्या हातातनं पडलं होतं.

सही आहे म्हणून कुणी लगेच आरोपी होत नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. कोणी काय केलं हे फिर्यादीनं सांगावं लागतं, मग तपास. म्हणजे सगळं आता शालनच्या जबाबावर होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन पौडला गेले. ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर दोघी बसलो. आत कुणाचा तरी मोबाईल चोरीला गेलेला, त्याचं चाललेलं. शालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"वैनी, वैशीचं नाव घिऊ का गाळू?"

मी आधी आजूबाजूला कुणी आहे का ते बघितलं.

"तिला ठाव नव्हतं, व्हय ना?" ती म्हणाली. "मी म्हनते, एकोनीस नंबर मला वाचता येत न्हाई. मला कोन इचारतंय? तुमी नुस्ती मान हलवा. बोलू बी नका."

मान हलवायची होती, फक्त. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते की साक्षीदाराला शिकवू नये, तो गुन्हा आहे, आणि सांगताना मला ते किती सोपं वाटायचं.

"शालन," मी म्हटलं, "जे झालं ते सांग. सही हाय, ते सांग. तिला ठाव नव्हतं हे तुला कसं कळलं ते इचारलं तर ते बी सांग. गाळू नको. वाढवू नको."

तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग आत गेली. पाऊण तास. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "सांगितलं समदं." मी "बरं" म्हटलं. 

सव्वीस जणांवर गुन्हा दाखल झाला. जामीन सगळ्यांना झाला, जामीनपात्रच होता. पण पडताळणीच्या फॉर्मवर एक रकाना असतो: आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? हा रकाना लई पोरांचा घात करतो. गुन्ह्यापेक्षा लपवण्यानं जास्त जातात, हे मी गावातल्या दहा पोरांना सांगितलेलं. वैशालीनं माझ्यासमोर 'होय' लिहिलं आणि गुन्हा नंबर घातला. खटला चालू, म्हणून तिची जागा गेली. यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. दोनेक महिने पळायला जायची बंद झाली, पिरंगुटच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. एकदा भांडी घासताना म्हणाली, "आई, तू ठाण्याला फोन केलास त्याचं मला काई न्हाई. त्यो पहिल्याच दिवशी केला असतास तर?"

तेव्हा साहेब नुसते येऊन समज देऊन गेले असते. ठराव मागं घेतला गेला असता. तात्यांना गावाचा खांदा मिळाला असता, आणि वैशालीची सही एका रद्द झालेल्या कागदावर राहिली असती.  भांडी विसळून ती आत गेली.

खटला कोर्टात उभा राहिला, आणि वर्षाच्या आत तडजोडीनं मिटला. या कायद्यात पीडितानं कबूल केलं आणि कोर्टानं परवानगी दिली तर मिटवता येतं. जज बाईंनी शालनला दोनदा विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" शालन म्हणाली, "हाय की. सव्वीस जनांच्या बायकांचा. रोज येत्यात, च्या पिऊन जात्यात." कोर्ट हसलं. बाईंनी गावकीला स्मशानात लाकडाची शेड बांधायला लावली, सगळ्यांनी स्वतःच्या हातानं. दत्तूभाऊजींनी पत्रे ठोकले. कुंपणवाल्या साहेबांनीही कोर्टाची बातमी ऐकून गुरांसाठी एक फाटक ठेवलं, कुणी न सांगता. ठरावात मात्र आता दत्तूभाऊजी "सर्वांस मान्य" असं लिहीत नाहीत, "वाचून दाखवले" असं लिहितात.

मी निवृत्त झाले. वैशालीनं पुन्हा भरती दिली, कंपनीतनं रजा टाकून. पुन्हा निवडली गेली. पुन्हा तोच रकाना, पुन्हा 'होय', खाली तडजोडीनं निकाल. आज ती प्रशिक्षणाला आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्या बायका माझ्यावर चिडतील. पण ते सहज झालं नाही. चौकशीला एक हवालदार गावात आले होते, तरुण, घाईत. ओसरीवर बसून म्हणाले, "शेजारचं कुणी साक्षीला बोलवा." मी कुणाला बोलावणार? माझ्या पोरीसाठी मी कुणाचंही नाव घेतलं असतं तरी ते शिकवल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, तुम्हीच हाक मारा.

त्यांनी पहिल्या दिसलेल्या बाईला हाक मारली. ती शालन होती, डोक्यावर गवताचा भारा. भारा टाकून आली.

"या मुलीबद्दल काय सांगाल?"

"पोरगी सरळ हाय. खोटं बोलत न्हाई. लिवा."

"हिच्यावर गुन्हा होता म्हणतात."

"हुता की. मीच केला हुता. वाळीत टाकायच्या कागदावर सही हुती तिची. त्ये बी लिवा."

हवालदारांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "काकू, तुम्ही हिच्या बाजूनं बोलताय का विरुद्ध?"

"दोन्ही खरं हाय. एक लिवून एक सोडू नका."

"अहो, दोन्ही लिहिलं तर वरचे साहेब तुम्हाला पौडला बोलावून विचारतील."

शालननं भारा उचलायला मला खूण केली. मी एका बाजूनं हात लावला. भारा डोक्यावर घेत ती म्हणाली,

"इचारू द्या की. पौडचा रस्ता मला पाठ हाय."